तोच किनारा का नको?

कंपनीचा माणूस दुकानात आला की मी आधी त्याचे बूट बघते. बुटांना काळी माती चिकटलेली असली तर तो निदान कुणाच्या तरी शेतात जाऊन आलेला असतो, आणि त्याच्या बोलण्यातलं थोडंफार धरून चालायला हरकत नसते. त्या दिवशी आलेल्याचे बूट चकचकीत होते. त्याने काउंटरवर तीन रंगीत कागद पसरले. तिन्ही कागदांवर समुद्र होता.

"यंदा जोडीने जायचं आहे, काकू," तो म्हणाला. "तीन किनारे आहेत. तुम्ही दोघांनी मिळून एक निवडा."

मी कागद उलटा करून मागची बाजू बघितली. मागे बारीक अक्षरात काहीच छापलेलं नव्हतं, त्यामुळे मला जास्तच संशय आला. मग मी त्याला विचारलं, किनाऱ्यावर सावली आहे का, बाथरूम किती लांब, ओहोटीला पाणी किती आत जातं. तो म्हणाला, "सगळं आहे, काकू." दुकानात तीस वर्षं बसल्यावर एवढं कळतं, की सगळं आहे म्हणणाऱ्याला काहीच माहीत नसतं.

आमचं चोपड्यात बियाण्या-खतांचं दुकान आहे. या धंद्यात एक रीत आहे, बाहेरच्यांना ती सांगितली की हसू येतं. हंगामाआधी कंपनीचा माल ठरल्याइतका उचलला की कंपनी दुकानदारांना परदेशात फिरवून आणते. धुळे-जळगावकडचे दुकानदार, ज्यांनी उभ्या जन्मात तापीपेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नाही, ते विमानात बसून समुद्रावर जातात आणि टोप्या घालून परत येतात. तोवर बायका दुकान सांभाळतात. कपाशीच्या बियाण्यासाठी रांग लागायच्या आत पुरुष परत आलेले असतात, म्हणून कुणी फारसं बोलत नाही. फुकटचं ते पौष्टिक.

माझा नवरा असा तीन वेळा जाऊन आलेला. (लिहिताना मी 'नवरा' असंच लिहिणार आहे. तोंडावर 'अहो' म्हणते तेवढं पुरे.) तिन्ही वेळा देश एकच, थायलंड, आणि किनाराही एकच. त्या किनाऱ्याचं नाव मी इथे लिहीत नाही. खानदेशात ज्या घरी खत-बियाण्याचं दुकान आहे त्या घरातल्या बाईला ते ठाऊक आहे. ते नाव निघालं की बायका एकमेकींकडे बघतात आणि पुरुष पंख्याकडे बघतात.

तर त्या तीन कागदांपैकी एक तोच किनारा होता. दुसरा बालीचा, तिसरा व्हिएतनामचा. मी चष्मा लावेपर्यंत नवऱ्याने तो पहिला कागद बाजूला सारलाही होता.

"हाऊ नको," तो म्हणाला. घरात आम्ही अहिराणीच बोलतो. "हाई बाली बरी शे."

माझा नवरा कशाचीही निवड करत नाही. भाजी कोणती करू विचारलं तर 'कर काही बी' म्हणतो. मुलीच्या लग्नात मांडवाचा रंग विचारायला आलेल्या माणसाला त्याने माझ्याकडे पाठवलं होतं. दिवसभरात तो गिऱ्हाइकांशी बोलतो तेवढंच, घरी आल्यावर त्याचे शब्द संपलेले असतात. असा माणूस एका दमात किनारा नाकारतो, तेव्हा कुठेतरी पाणी मुरतंय हे कळायला फार शिकलेलं असावं लागत नाही. मी तर धुळ्याला बी.ए. केलेलं आहे.

"कसाले नको?" मी विचारलं.

"देखेल शे ना."

"मी कोठे देखेल शे?"

यावर तो गोडाऊनमध्ये निघून गेला. गोडाऊनमध्ये त्या वेळी काहीही काम नव्हतं.

माझा संशय कालचा नव्हता. पहिल्या सहलीहून तो आला तेव्हा माझ्यासाठी पर्स आणली होती, निळी. पुढच्या आठवड्यात माझी मैत्रीण भेटली. तिच्या नवऱ्याचं बसस्टँडजवळ फवारणीच्या औषधांचं दुकान, तोही त्याच सहलीला गेलेला. तिच्या खांद्याला तशीच पर्स, लाल. हळदीकुंकवाला गेलो तर आणखी चार तशाच. आम्ही दोघींनी तिथेच ताळा घातला. कुणीतरी एकजण एका दुकानात जाऊन सगळ्यांच्या बायकांचं एकदम उरकून आला होता. मग बाकीचे तेवढा वेळ कुठे होते? मैत्रीण म्हणाली, "जाऊ दे ना बाई, घर उनात ना परत." नवरे घरी परत आले, एवढं तिला पुरे. तिचं सगळं असंच 'जाऊ दे' असतं. माझं तसं नाही.

मग फोटो. मैत्रिणीच्या नवऱ्याच्या फोनमध्ये ढिगाने फोटो होते. चड्ड्या घालून गुडघाभर पाण्यात ओळीने उभे राहिलेले दुकानदार, शहाळ्यात नळी घालून पिणारे दुकानदार, हत्तीशेजारी घाबरून उभे असलेले दुकानदार. माझा नवरा त्यातल्या एकाही फोटोत नव्हता. विचारलं तर म्हणाला, फोटो मीच काढत होतो. त्याच्या स्वतःच्या फोनमध्ये विमानाच्या पंखाचा एक आणि आमच्या दुकानाच्या शटरचा एक, एवढंच होतं.

पण खरी गोष्ट पपईची. ती दुसऱ्या सहलीनंतरची. या माणसाने स्वतःच्या हाताने चहा करून घेतलेला मी कधी पाहिला नव्हता. एका दुपारी मी पडले होते, तर स्वयंपाकघरातून ठकठक ऐकू आली. जाऊन बघते तर हा जमिनीवर मांडी घालून बसलेला आणि खलबत्त्यात काहीतरी कुटतोय. कच्च्या पपईचे लांब लांब धागे, त्यात शेंगदाणे, हिरवी मिरची, लसूण, गूळ, वरून लिंबू. मी चव घेतली. वाईट म्हणजे ते चांगलं झालं होतं. आमच्याकडे कच्ची पपई अशी कुणी खात नाही. आणि ती चिरायची तऱ्हा! पपई एका हातात उभी धरायची, दुसऱ्या हाताने सुरीचे बारीक बारीक घाव घालायचे आणि मग वरचा पापुद्रा तासून काढायचा. ते नुसतं बघून येत नाही, कुणीतरी शेजारी बसून शिकवावं लागतं.

"कोनी शिकाडं?" मी विचारलं.

"हॉटेलमा देखं."

हॉटेलात बघून पदार्थ येत असते तर चोपड्यातले सगळे पुरुष आचारी झाले असते. मी खलबत्ता उचलून धुवायला टाकला. पण त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एक हात येऊन बसला. बाईचा हात, बांगड्या घातलेला, पपई धरलेला. चेहरा काही केल्या दिसत नव्हता, म्हणून मी रोज नवा चेहरा लावून बघायचे.

तेव्हा कुठला किनारा चांगला, वाळू कुठली मऊ, पाणी कुठलं निळं, याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. ज्याच्याशेजारी उभा जन्म काढला तो माणूस तिकडे गेला की कोण होतो, एवढं मला बघायचं होतं. ते बघायचं तर त्याच किनाऱ्यावर जायला हवं होतं.

सरळ तसं म्हटलं असतं तर तो सावध झाला असता. म्हणून मी बाकीच्या दोन किनाऱ्यांचे दोष काढायला बसले. हे काम मला जमतं. दुकानात नवं वाण आलं की नवरा पाकिटावरचं चित्र बघतो. मी थोडे दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवते आणि त्यातले किती उगवले ते बघते. पाकिटावर छापलेल्या बोंडाएवढं कपाशीचं बोंड मी अजून एकाही शेतात पाहिलेलं नाही. कागदावरच्या समुद्राचं तरी वेगळं काय असणार?

मुलगी पुण्याला असते. तिने फोनवरून शिकवलं, की जाऊन आलेले लोक आपापला अनुभव कुठे लिहितात आणि तो कसा उघडायचा. "आई, वरचे वाच, ते छान असतात," ती म्हणाली. मी सरळ तळाशी गेले. कापसाचा ढीग बघताना वरचा कापूस कोण बघतं? हात आत घालायचा, ओला माल तळाशी असतो. तळाशी बालीबद्दल लिहिलं होतं की लाटा माणसाला उचलून आपटतात आणि माकडं चष्मे पळवतात. व्हिएतनामबद्दल लिहिलं होतं की आभाळ भरलेलंच राहिलं, आणि ताटात काय वाढलंय ते विचारलं तर कुणी सांगत नाही. मैत्रीण शेजारी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "अशी वाचत राहशी ते तू चोपडाबी सोडी दिशी."

जेवताना मी विषय काढला. "बालीमा माकडं शेतस. चष्मा पळावतस."

नवऱ्याला चष्म्याशिवाय पावतीवरचं नाव वाचता येत नाही. तो घास हातात धरून जरा वेळ विचार करत बसला. मग म्हणाला, "मंग व्हिएतनाम."

"तुम्ही अंडंबी खातस नही. तठे काय वाढतीन, काय भरोसा?"

मग सुरू झाली खरी गंमत. ज्या किनाऱ्यावर हा तीनदा जाऊन आला, त्याचीच तो निंदा करू लागला. पाणी गढूळ. वाळूत काचा. माणसावर माणूस. ऊन असं की भुसावळ परवडलं. मी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, एवढं वाईट होतं तर तीन-तीनदा कसाले गयात?

"कंपनी ली गयी."

"मंग आतेबी कंपनीच ली जाई राहिनी," मी म्हटलं.

मैत्रिणीचा नवराही त्या किनाऱ्याला नाही म्हणत होता. पण त्याचं कारण त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. बायको समोर आली की तो उगाच घसा खाकरायचा आणि पाणी मागायचा. माझ्या नवऱ्याचं तोंड तसं नव्हतं. तो अपराध्यासारखा दिसत नव्हता, कष्टी दिसत होता, आणि त्याचा अर्थ मला लागत नव्हता. अर्थ लागला नाही की मी वाईटातला वाईट धरते. धंद्यात त्याने कधी नुकसान झालेलं नाही.

शेवटी नवरा बाहेर गेलेला बघून मी कंपनीच्या माणसाला स्वतः फोन केला आणि आमच्या जोडीचा किनारा सांगून टाकला. संध्याकाळी नवऱ्याच्या कानावर घातलं. तो चिडेल, ताट सारून उठेल, असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, "तुन्ही मरजी," आणि उरलेली भाकरी खाऊन हात धुवायला गेला. इतकं मुकाट्याने मान्य केलं, म्हणजे तिकडे निरोप पाठवून सगळं आवरून ठेवायला सांगणार, असं माझ्या मनात आलं. मी त्याचा फोन तपासला. त्यात पावसाचे अंदाज होते, खतांचे भाव होते आणि मला केलेले फोन होते.

मैत्रिणीलाही मी तोच किनारा घ्यायला लावला, आणि जळगावहून तो किनारा घेतलेल्या आम्ही सगळ्या जोड्या बसने मुंबईला गेलो आणि तिथून विमानाने. प्रत्येकीच्या पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. दुकानदार इतके सभ्य वागताना मी कधी पाहिले नव्हते. विमानात एकेकाने बायकोचा पट्टा लावून दिला, खिडकीची जागा दिली, बॅगा वर चढवल्या. खाई त्याला खवखवे, मी मैत्रिणीच्या कानात म्हटलं. ती खिडकीला नाक लावून ढग बघत होती, तिने ऐकलंच नाही.

किनारा कागदावर निळा होता, प्रत्यक्षात हिरवट राखाडी निघाला. कागदावर रिकामा होता, प्रत्यक्षात सारंगखेड्याची यात्रा भरल्यासारखी गर्दी. ओळीने छत्र्या, छत्र्यांखाली प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि खुर्चीत बसलं की कुणीतरी येऊन भाडं मागायचं. माझा अंदाज बरोबर आल्याचं मला समाधान वाटलं. वाळू मात्र खरी होती. पाण्याच्या कडेला चपला काढून उभी राहिले, लाट परत गेली आणि टाचांखालची वाळू तिच्याबरोबर निघाली, तेव्हा मी घाबरून मैत्रिणीचा दंड धरला. ती नव्या गाऊनमध्ये गुडघ्यापर्यंत भिजून हसत होती. मला पाण्याकडे बघायला सवड नव्हती. मी बायका बघत होते.

बायका पुष्कळ होत्या. मालिश करणाऱ्या, माळा विकणाऱ्या, भाजलेली कणसं विकणाऱ्या. मी आधी एकेकीच्या तोंडाकडे बघायचे आणि मग नवऱ्याच्या. तो खुर्चीत बसून होता, दोन्ही हात मांड्यांवर, दुकानात तपासणीला साहेब आला की बसतो तसा. पाण्यात येता का, तर नको. शहाळं घेता का, तर नको. एक अख्खा दिवस त्याने तसा काढला. त्याच्या तोंडावरून काही वाचता येईना, आणि मी वाचायचं सोडेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला खुर्चीतच डुलकी लागली. जाग आली तेव्हा शेजारची खुर्ची रिकामी होती आणि त्याच्या चपला खुर्चीखालीच होत्या. मी उठले. छत्र्यांच्या ओळीमागून, हॉटेलांच्या बाजूने, बघत बघत चालत राहिले. पुढे छत्र्या संपल्या, एक लांब सिमेंटची भिंत लागली आणि तिच्या सावलीला फेरीवाले बसलेले दिसले. तिथे मला ठकठक ऐकू आली. पाठोपाठ हसणं ऐकू आलं, पुरुषाचं, पोट धरून हसल्यासारखं. मी तशीच पुढे जाणार होते, कारण ते हसणं माझ्या ओळखीचं नव्हतं.

तो माझा नवराच होता. उलट्या टाकलेल्या क्रेटवर बसलेला, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, मांडीत लाकडी उखळ. त्याच्यासमोर एक म्हातारी. माझ्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी तरी मोठी, पुढचे दात पडलेले, डोक्याला फडकं, अंगात पुरुषी शर्ट. हातात बांगडी नव्हती. ती पपई तासत होती. तिच्यापुढे एक मोठं काळं उखळ होतं, त्याला सुकट-माशांचा वास येत होता, गिऱ्हाइकांसाठी ती त्यात कुटायची. नवऱ्याच्या मांडीतलं छोटं उखळ वेगळं होतं, स्वच्छ, वास नसलेलं. हा मासे खात नाही म्हणून ते तिने निराळं ठेवलेलं होतं. मधल्या वर्षांत ते कुठे जपून ठेवलं होतं कोण जाणे.

आणि नवरा बोलत होता. घडाघडा, अहिराणीत. तिला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. ती मधूनच तिच्या भाषेत काहीतरी म्हणायची, ते याला कळायचं नाही, आणि मग दोघंही हसायचे. त्याने तिला गुलाबी बोंडअळी कशी चालते ते उखळाच्या काठावर बोट चालवून दाखवलं. उधारी मागायला गेलं की गिऱ्हाईक कसं पोट दुखल्याचं सोंग करतं ते दाखवलं. मी भिंतीच्या कोपऱ्याशी उभी होते. मग त्याने एक पपई उचलली, डोळ्यांजवळ नेली, उलटी केली, देठाचा वास घेतला, नखाने खरवडली, नाक मुरडलं, मान हलवली आणि परत ठेवून दिली. म्हातारी वाळूवर हात आपटून हसली.

ती मी होते. बाजारात, दुकानात, आदल्या दिवशी तिथल्या आंब्याच्या गाडीवर मी जे केलं होतं ते त्याने हुबेहूब केलं होतं. नाक मुरडायची माझी तऱ्हासुद्धा.

मला हायसं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही, फार वाईट वाटलं. तरुण बाई असती तर भांडले असते, मैत्रिणीकडे जाऊन रडले असते, मुलीला फोन केला असता. या बोळक्या म्हातारीशी काय भांडू? तिने माझ्या संसारातून काही उचलून नेलं नव्हतं. हा हसणारा, नकला करणारा माणूस माझ्या घरात कधी आलेलाच नव्हता.

तेवढ्यात त्याने मला पाहिलं. हसू जागच्या जागी थांबलं. त्याने उखळ खाली ठेवलं आणि दोन्ही हात मांड्यांवर घेतले.

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं, शेजारचा क्रेट फडक्याने पुसला आणि मला बसवलं. छोट्या उखळातली पपई एका ताटलीत काढून माझ्या हातात दिली. मी ती नाकाजवळ नेली, सवयीने. म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. ती इतकी हसली की तिला उठून पाणी प्यावं लागलं. नवरा हसला नाही. मी पपई खाल्ली. घरच्यापेक्षा तिखट होती.

परत येताना आम्ही पाण्याच्या कडेने चालत आलो. मी विचारलं, "इतलंच व्हतं ते सांगं कसाले नही?"

"काय सांगू? एक म्हातारी शे, तिन्हापान बठस, इतलंच."

"घरमा असा हासतस का तुम्ही कधी?"

त्याने विजार आणखी एक घडी वर घेतली. मग आज गरम आहे म्हणावं तसं म्हणाला, "घर तू देखत राहस ना."

मी चिडले. "देखसू नही ते काय करसू? तुम्ही काही सांगतस का?"

"जे सांगस ते तू उलटं करीसन देखस. म्हनीसन हाऊ किनारा नको म्हनं मी. तू आठे उनी, आते हाई ठिकानबी गयं."

मी त्याला म्हटलं, की माझ्या बघण्यानेच दुकान उभं आहे. बोगस बियाण्याच्या गोण्या मी ओळखून परत पाठवल्या नसत्या तर लोकांनी शटर फोडलं असतं आणि तुम्हाला गाव सोडावं लागलं असतं. तो म्हणाला, "खरं शे." त्याचं ते म्हणणं मनापासून होतं, आणि ते मला 'घर तू देखत राहस' याहून जास्त लागलं. अजून लागतं. हॉटेलवर गेल्यावर मी मैत्रिणीला काही सांगितलं नाही. तिने विचारलं, कुठे गेला होतात, तर फिरायला म्हणाले.

शेवटच्या दिवशी दुपारी तो पुन्हा खुर्चीत येऊन बसला, हात मांड्यांवर. मी म्हटलं, "जा ना तठे."

त्याने माझ्याकडे संशयाने बघितलं. हे बघणं तो माझ्याकडूनच शिकला असणार.

"मीबी येस," मी म्हटलं आणि माझी खुर्ची उचलली. वाळूत खुर्ची नेताना दम लागतो. त्याने ती माझ्या हातातून घेतली आणि आम्ही भिंतीपाशी गेलो. म्हातारीने हात जोडले, मीही जोडले. नवरा क्रेटवर बसला. मी माझी खुर्ची त्यांच्याकडे पाठ करून मांडली, तोंड समुद्राकडे.

"तू आठे बठ ना, सावलीमा," तो म्हणाला.

"माले समुद्र देखना शे."

मागे बराच वेळ नुसती ठकठक चालली होती. मग तो एक शब्द बोलला. म्हातारी काहीतरी म्हणाली. पुन्हा ठकठक. मला खात्री होती की तो माझ्या पाठीकडे बघतोय, मी कधी वळते याची वाट बघतोय. ऊन तोंडावर आलं तरी मी खुर्ची हलवली नाही. हळूहळू त्याचं बोलणं लांबत गेलं, वाक्याला वाक्य जोडलं जाऊ लागलं. म्हातारी हसली. मग तो हसला, आधी नाकातल्या नाकात, आणि मग मोठ्याने, आदल्या दिवशी ऐकलं होतं तसं.

तो "मन्ही बायको" असं म्हणाला, ते मी स्पष्ट ऐकलं. पुढचं लाटेच्या आवाजात गेलं. काय म्हणाला असेल? दोघं हसत सुटले, थांबेचनात. वळायचं नाही म्हणून धरून ठेवलेल्या माझ्या मानेत कळ आली. मी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले आणि समोरच्या पाण्याकडे बघत बसून राहिले.